चाकाची खुर्ची आणि शोभेचे दारूकाम



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांची समजूत अशी होती की मी कंत्राटी कामगारांवर किंवा नव्या कामगार संहितांवर बोलणार. मी त्यांना सांगितले, की चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला शोभेचे दारूकाम कोठून नीट दिसेल, या विषयावर मी बोलेन. चिटणीस क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. मग हळूच म्हणाले, "भाऊ, एवढ्यावर तास भरेल का?" तास भरेल की नाही हे आता आपणच पाहायचे आहे.

आरंभीच सांगून टाकतो, की मी शिकलेला माणूस नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे जे काही शिक्षण झाले ते गावच्या वाचनालयात आणि मालकांशी वाटाघाटी करताना झाले. वाटाघाटीत माणूस एक गोष्ट लवकर शिकतो. आमच्या माणसांवर दया करा, असे म्हटले की समोरचा चहा मागवतो आणि विषय संपतो. अमुक इतके फूट, अमुक इतके इंच, अमुक तारखेपर्यंत, असे म्हटले म्हणजे त्याला कागद पुढे ओढावा लागतो. आज मी आपल्यापुढे असेच काही फूट-इंच घेऊन उभा आहे.

आमच्या तालुक्यातल्या एका कारखान्यातली गोष्ट. तेथे एक जुने कामगार होते. सारे खाते त्यांना मामा म्हणे, मीही मामाच म्हणतो. माल चढवताना पेट्यांची चळत त्यांच्या पाठीवर कोसळली, मणका दुखावला आणि कमरेखालचे अंग गेले. त्यांना घरी बसवू नये म्हणून युनियन भांडली, आणि अखेर त्यांना हत्यारे देण्या-घेण्याच्या खिडकीवर काम मिळाले. चाकाच्या खुर्चीत बसून मामा ते काम चोख करीत. त्या वर्षी कारखान्याची सहल एका मोठ्या करमणूक-बागेत गेली. बागेचे नाव सांगत नाही. तेथे पाळणे होते, पाण्याच्या घसरगुंड्या होत्या, चुन्या-प्लास्टरचा एक राजवाडा होता आणि रात्री त्या राजवाड्यावर दारूकाम व्हायचे होते. मामांना पाळण्यात बसता येत नव्हते, पाण्यात उतरता येत नव्हते. दिवसभर त्यांनी सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या सांभाळल्या. त्यांचे सारे लक्ष त्या रात्रीच्या दारूकामाकडे होते. बायको आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी यांना घेऊन ते सहा वाजताच हिरवळीवर जागा धरून बसले. समोर माणसे बसली होती. राजवाडा पायथ्यापासून कळसापर्यंत स्वच्छ दिसत होता.

आठ वाजता दिवे मालवले. पहिला गोळा आकाशात फुटला आणि त्यासरशी सारी गर्दी उठून उभी राहिली. बापांनी पोरांना खांद्यावर घेतले. मामांच्या समोर पाठींची एक भिंत तयार झाली. त्यांची मुलगी खुर्चीच्या हातावर चढली, एका हाताने बापाचे डोके धरले आणि सांगू लागली, "बाबा, आता लाल. आता हिरवं. आता पाऊस पडतोय सोन्याचा." वीस मिनिटे ती सांगत होती. परतताना बसमध्ये मी मामांना विचारले, "कसे काय झाले दारूकाम?" ते म्हणाले, "झकास झालं म्हणतात. मी ऐकलं, भाऊ."

मी कोठे होतो हेही सांगितले पाहिजे. मी मामांच्या पुढे चार हातांवर उभा होतो. टाळ्या वाजवीत होतो. एकदाही मागे वळून पाहिले नाही. त्या भिंतीतली एक वीट मी होतो.

त्या रात्रीपासून हा विषय माझ्या डोक्यात शिरला. मी वाचनालयात शोध घेऊ लागलो, आणि मला असे आढळले की दारूकाम कोणी कोठून पाहावे, हा प्रश्न आपल्या पुण्यात दोनशे वर्षांपूर्वीही सोडवलेला होता. मात्र एका माणसापुरता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात प. कृ. गोडे म्हणून मोठे विद्वान होऊन गेले. त्यांनी भारतातल्या दारूकामाचा इतिहास लिहिला, तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पेशव्यांच्या बखरीतली एक हकीकत आहे. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवले. तेथे दारूची लंका करतात, मध्ये रावण, भोवती राक्षस आणि वानर, आणि हनुमंताच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडत जाऊन घरे पेटवतो. तरुण पेशव्यांना ते पाहण्याची इच्छा झाली, आणि महादजींनी तशी लंका पुण्यात करून दाखवली. महादजी पुण्यास आले ते १७९२ मध्ये आणि वानवडीला वारले ते १७९४ मध्ये, तेव्हा ही गोष्ट त्या मधल्या दिवाळीची धरली पाहिजे. लंका रचली पर्वतीच्या पायथ्याशी. पेशवे आणि सरदार बसले वर, देवळापाशी. गावचे लोक खाली जमले.

यात ज्याने व्यवस्था केली त्याची अक्कल पाहा. लंका जमिनीवर जळायची होती. जमिनीवरचे दारूकाम गर्दीत उभे राहून दिसत नाही, त्याला उंची लागते, म्हणून पाहणाऱ्याला टेकडीवर नेले आणि खेळ पायथ्याशी मांडला. ज्याला दिसले पाहिजे असे ठरते, त्याला दिसते. त्या रात्री खालच्या गर्दीत एखादा पांगळा असलाच पाहिजे. त्याने काय पाहिले ते बखरकाराने लिहिलेले नाही.

आता फूट-इंच. आमच्या टूलरूममध्ये एक फिटर आहे, हिशेबाला पक्का. त्याने एका दुपारी जेवणाच्या सुटीत मामांना अंगणात बसवले आणि टेप काढली. खुर्चीत बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो. उभ्या माणसाचा माथा साडेपाच फुटांवर. फरक दीड फुटाचा. उभा माणूस तीन फुटांवर असेल, तर नजर दर दोन फुटांना एक फूट अशी वर चढली तरच त्याच्या डोक्यावरून जाते. राजवाडा चारशे फूट लांब धरा. म्हणजे मामांना तेथे जमिनीपासून दोनशे फुटांच्या वर जे घडेल तेवढेच दिसणार. राजवाडा गेला, भुईनळे गेले, चक्रे गेली, झाडे गेली. अगदी उंच फुटणारा एखादा गोळा तेवढा राहिला.

आता तोच उभा माणूस पंधरा फुटांवर न्या. मध्ये दोरी बांधून पंधरा फुटांची पट्टी मोकळी ठेवा. फरक दीड फुटाचाच, पण तो आता पंधरा फुटांत वाटला गेला. मामांना चव्वेचाळीस फुटांपासून वरचे सारे दिसू लागले. एक दोरी, बाकी काही खर्च नाही! तथापि फिटरने लगेच सांगितले, की पोर खांद्यावर घेतले म्हणजे माथा आठ फुटांवर जातो आणि हिशेब पुन्हा शंभर फुटांच्या वर सरकतो. त्याला उपाय ओट्याचा. दोन फूट उंचीचा ओटा बांधला तर डोळा सहा फुटांवर येतो, उभ्या माणसाच्या माथ्याच्या वर, आणि राजवाड्याचा पायथाही दिसतो. ओट्यावर चढायला उतार हवा, आणि त्याचे प्रमाण जगभर एकास बारा असे मानलेले आहे. म्हणजे दोन फुटांना चोवीस फूट लांबीचा उतार. कडेला चार बोटे उंच काठ, म्हणजे अंधारात चाक खाली जाणार नाही. खाली वाळू किंवा खडी नको, कारण खुर्चीची पुढची लहान चाके तीत रुततात. एवढे सारे फिटरने सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिले. ते पाकीट अजून माझ्यापाशी आहे.

आकडे हाती आल्यावर मनुष्याला जो गर्व होतो तो मला झाला. पुढच्या चैत्रात एका गावच्या जत्रेला मी यात्रा कमिटीला भेटलो. आपल्या भागातल्या जत्रा आपल्याला ठाऊकच आहेत: पालखी, ढोल-लेझीम, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा, आणि रात्री शोभेचे दारूकाम. मी म्हणालो, आमच्या एका अपंग सभासदाला चांगली जागा द्या. कमिटीची माणसे मनाने मोठी. त्यांनी मामांना सर्वांच्या पुढे, पाहुण्यांच्या ओळीत नेऊन बसवले. नारळ दिला, फेटा बांधला, ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारले, आणि जिद्दीचे कौतुक केले. मीही दोन शब्द बोललो. मग दारूकाम सुरू झाले.

पुढे काय झाले ते ऐका. गोळे थेट डोक्यावर फुटत होते. तितके वर पाहायचे तर मान पूर्ण मागे टाकावी लागते, आणि मणक्याने अधू माणसाला ते जमत नाही. जोराने मागे रेलले तर खुर्चीच उलटते. फेट्यावर राख पडत होती. वारा आमच्याकडे वाहत होता, तेव्हा धुराने मामांचा श्वास कोंडला. त्यांना बाहेर पडायचे होते, आणि मागे गर्दी घट्ट मिटलेली. शिवाय मणका गेलेल्या माणसाला लघवीची वेळ आणि तिची व्यवस्था सांभाळावी लागते. ती वेळ त्या रात्री टळली. सभेत हे बोलू नये असे कोणाला वाटेल, पण न बोलल्यामुळेच अशा जागा चुकीच्या निवडल्या जातात, म्हणून मामांना विचारून मी ते बोलत आहे.

मामा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी खिडकीतून म्हणाले, "भाऊ, मला दिसायला पाहिजे होतं. तुम्ही मलाच दाखवायला बसवलंत." मी पंचवीस वर्षे कामगारांच्या वतीने बोलत आलो. मागणीपत्र लिहिण्याआधी सभासदांची सभा घ्यायची, हा युनियनचा पहिला नियम मी नव्या पोरांना शिकवतो. आणि येथे मी फिटरला विचारले, कमिटीला विचारले. मामांना विचारलेच नव्हते.

दुसऱ्या वर्षी जागा मामांनी निवडली. जत्रेच्या आधी दिवसाउजेडी आम्ही गेलो. त्यांनी मैदानाकडे पाहिलेसुद्धा नाही. गावात शिरणारा डांबरी रस्ता जेथे वळण घेऊन थोडा वर चढतो, तेथे खुर्ची थांबवायला सांगितली. मैदान तेथून सहाशे-सातशे फूट दूर. खाली भातखाचरे, चैत्रात कोरडी पडलेली, त्यांत कोणी उभे राहिले तरी नजरेच्या खालीच राहणार. रस्ता हाच उतार, वेगळा बांधायला नको. वळणाशी एक सपाट तुकडा होता, तेथे चाकांना विटा लावता आल्या. मुख्य म्हणजे पाठीमागची वाट मोकळी होती. त्या रात्री मामा, त्यांची बायको, मुलगी, मी आणि गावातल्या गुडघे धरलेल्या चार म्हाताऱ्या, इतकी माणसे तेथे होतो. गोळा फुटलेला दिसे आणि आवाज अर्ध्या क्षणाने मागून येई. मुलीला याचे फार नवल वाटले. मामा तिला म्हणाले, "उजेड पळतो जोरात, आवाज येतो चालत." दारूकाम मी आयुष्यभर पाहिले आहे, पण ते पुरते दिसते कोठून हे मला त्या वळणावर समजले. सर्वांत पुढची जागा ती सर्वांत चांगली, ही आपली एक जुनी खोटी समजूत आहे.

आमच्या गल्लीतला हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेलेला आहे. तेथे लढाईत कंबर गेलेल्या सैनिकांची एक जुनी संघटना आहे. वॉशिंग्टन शहरात खेळांसाठी एक प्रचंड बंदिस्त प्रेक्षागृह बांधले जात होते. चाकाच्या खुर्च्यांना त्यात जागा ठेवलेल्या होत्या, पण रंगाच्या क्षणी पुढचे लोक उभे राहिले की त्या जागांवरून काही दिसणार नव्हते. संघटनेने फिर्याद केली. १९९७ साली वरच्या न्यायालयाने असे ठरवले, की खुर्च्यांच्या जवळजवळ सगळ्या जागा उभ्या प्रेक्षकांच्या डोक्यांवरून दिसेल अशाच असल्या पाहिजेत. पुढे २०१० च्या तिकडच्या बांधकाम-नियमांत, जेथे प्रेक्षक उभे राहतात तेथे हे असलेच पाहिजे, असे स्पष्ट लिहिले गेले. म्हणजे आमच्या फिटरने पाकिटावर जो दीड फूट लिहिला होता, तोच दीड फूट.

सैनिकांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आपल्या खडकीलाही अशा सैनिकांचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. आणि मुरलीकांत पेटकर आपल्याला माहीत असतील. ६५ च्या लढाईत त्यांना गोळ्या लागल्या, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. अपंगांच्या ऑलिंपिकमधले देशाचे ते पहिले. पुढे ते टेल्कोत नोकरीला होते, म्हणजे आमच्याच जातीचे, कामगार. पण माझी एक तक्रार आहे. आपण पेटकरांसारख्यांचे कौतुक करतो आणि मामांसारख्यांना विसरतो. प्रत्येक अपंग माणसाने पराक्रमच का करावा? मामांना पदक नको होते. त्यांना मुलीच्या शेजारी बसून, ती पाहते तेच आणि ती पाहते तेव्हाच पाहायचे होते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मचरित्राचे नावच 'चाकाची खुर्ची' असे ठेवले आहे. मामांनी ते दोनदा वाचले. वाचनालयाने माझ्याकडून उशिराचा दंड घेतला, तो मी आनंदाने भरला.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९९५ चा कायदा होता, तो जाऊन २०१६ चा आला. त्याच्या एकोणतिसाव्या कलमात सांस्कृतिक जीवन आणि करमणूक यांचा हक्क आहे. नियमांत न बसणाऱ्या इमारतीला परवानगी देऊ नये असेही त्यात आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सोयींविषयीचे हे नियम नुसत्या शिफारशी राहता कामा नयेत, ते बंधनकारक असले पाहिजेत. सरकारने मधल्या काळात अपंग हा शब्द बदलून दिव्यांग केला. चांगले झाले असेल. पण मी पुष्कळ ठिकाणी पाटीवर नवा शब्द आणि पाटीखाली जुन्याच तीन पायऱ्या पाहिल्या आहेत. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात अपंगांची संख्या साडेएकोणतीस लाखांच्या वर भरली. त्यात त्या म्हाताऱ्या नाहीत, पोटुशी बाई नाही, आणि गर्दीत ज्याचे डोके कोणाच्याही कमरेच्या वर जात नाही ते पोर नाही.

येथे कोणी विचारील, की भाऊ, मुळात दारूकाम हवेच कशाला? पैसे जळतात, धूर होतो, पाखरे घाबरतात, घरातली कुत्री पलंगाखाली शिरतात. मला हे बरेचसे मान्य आहे. उद्या गावाने ठरवून ते बंद केले तर मी विरोध करणार नाही. मात्र ते चालू आहे तोवर कोणाला दिसते आणि कोणाला नुसते ऐकू येते, हा प्रश्न राहतो. मुळशीच्या माणसाला तर हा प्रश्न समजावा लागू नये. आपल्या खोऱ्यात धरण झाले, १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पाठीशी आपल्या आज्या-पणज्यांनी सत्याग्रह केला, आणि तरी येथल्या पाण्यावर झालेली वीज मुंबईला गेली. दुसऱ्याच्या दिव्यांचा उजेड डोंगरामागून पाहणे म्हणजे काय असते, ते या खोऱ्याने पाहिले आहे.

आता त्या करमणूक-बागेचे काय झाले ते सांगून थांबतो. पुढच्या सहलीच्या वेळी आम्ही बागेच्या व्यवस्थापकांना आधी पत्र लिहिले. दोन फुटांचा ओटा, चोवीस फुटांचा उतार, पंधरा फुटांवर दोरी, खेळ संपल्यावर बाहेर पडण्याची उजेडाची वाट, आणि ही जागा कोठे आहे ते तिकिटाच्या खिडकीवरच सांगण्याची सोय. त्यांनी उत्तर दिले की जागा नाही. मामा, फिटर आणि मी समक्ष गेलो. मामांनी आपली खुर्ची स्वतः ढकलीत सारी बाग पालथी घातली, आणि भोजनगृहाच्या मागच्या बाजूला थांबले. तेथे तीन फूट उंचीचा एक लांब ओटा होता आणि त्याला सुंदर, लांबलचक उतार होता. जेवणाचे सामान आणि थंड पेयांच्या पेट्या ढकलगाडीने वर न्यायला तो केलेला होता. फिटरने टेप लावली. एकास बाराहून थोडा सौम्यच निघाला. मामा व्यवस्थापकांना म्हणाले, "साहेब, पेट्यांना उतार केलात आणि माणसांना पायऱ्या." मला या वाक्यावर काही भर घालता आली नाही, आणि मी बोलण्यात सहसा मागे राहत नाही.

व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता. त्या रात्री त्याने ओट्यावरच्या रिकाम्या पेट्या हलवल्या आणि दोरी बांधली. राजवाड्याचा कळस आणि पायथा दोन्ही दिसले. परंतु एका खुर्चीबरोबर एकच माणूस, असा त्यांचा नियम निघाला. बायको वर बसली आणि मुलगी खाली माझ्याबरोबर गर्दीत उभी राहिली. आता ती उंच झाली आहे, खांद्यावर घ्यावी लागत नाही. पण दर गोळ्याला ती मागे वळून ओट्याकडे पाहत होती, बापाने पाहिले की नाही म्हणून.

यंदाच्या पत्रात आम्ही एकच नवे कलम घातले आहे: खुर्चीबरोबर घरची चार माणसे. उत्तर अजून आलेले नाही. मामांनी सांगितले आहे की पंधरा दिवस वाट पाहू, आणि मग पुन्हा समक्ष जाऊ.